वाराचा नेम आणि आहाराचा तक्ता

आज आषाढी एकादशी. चातुर्मासास आजपासून प्रारंभ होत आहे. घरोघरी नेम धरले जातील. कोणी कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करील, कोणी एकभुक्त राहील, कोणी सोमवार तर कोणी शनिवार धरील. याच घरांतून अलीकडे आणखी एका नेमाचा शिरकाव झाला आहे. वजन उतरविण्यासाठी डॉक्टरांनी अथवा आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला सात वारांचा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागलेला असतो. कोणत्या वारी भाकरी किती, भात किती, रात्रीचे जेवण किती वाजता, सारे त्यात नोंदलेले असते. मग एकादशी आली की तक्ता पाळावा की उपवास, असा पेच पडतो. कीर्तन आटोपल्यावर हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्या बहुधा गृहिणी असतात आणि त्यांच्या स्वरात अपराधाची छटा असते. ती अनाठायी आहे, हे शास्त्राच्या आधारे सांगावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दिवस नेमून आणि घास मोजून जेवणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. धर्मशास्त्रात एकभुक्त, नक्त, अयाचित आणि उपोषण असे आहारनियमनाचे प्रकार सांगितले आहेत. प्राजापत्य कृच्छ्रात बारा दिवसांचा क्रम आहे. तीन दिवस केवळ सकाळी, तीन दिवस केवळ सायंकाळी, तीन दिवस न मागता मिळेल ते आणि तीन दिवस निराहार. चांद्रायणात तर चंद्रकलेबरोबर घास वाढतात व घटतात. पौर्णिमेस पंधरा, अमावास्येस एकही नाही. घासाचे मापही स्मृतिकारांनी मोराच्या अंड्याएवढे ठरविले. ही प्रायश्चित्ते होत. ती आज कोणी वजनासाठी आचरावीत असे सांगण्याचा हेतू नाही. तथापि ज्या परंपरेने घास मोजले, तिने मोजलेल्या भाकरीकडे परकेपणाने पाहू नये, एवढे मात्र खास.

आता आपल्या प्रचलित उपवासाकडे पाहू. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वस्’ म्हणजे राहणे. भगवंताच्या सन्निध राहणे तो उपवास. प्रत्यक्षात आपण साबूदाण्याच्या सन्निध राहतो. शंभर ग्रॅम कोरड्या साबूदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. वर शेंगदाण्याचे कूट, तूप आणि तळलेला बटाटा. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण काही उगीच पडली नाही. गंमत अशी की साबूदाण्याचा कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातील. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतरच्या काळात ती आपल्याकडे आली. प्राचीन स्मृतिकारांस ती ठाऊकही नव्हती. तेव्हा खिचडी नाकारणाऱ्या सुनेने धर्म बुडविला, असे कोणत्या आधारे म्हणावे?

मुख्य मुद्दा यापुढेच आहे. व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी शास्त्रकारांनी गणल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. यातील शेवटचे पद ध्यानी घ्यावे. ज्याचा मधुमेह, रक्तदाब वा गुडघेदुखी वजनापायी बळावली आहे, त्याला नेमून दिलेला आहार हे पथ्य होय आणि पथ्य हे औषधाचेच अंग होय. चरकाचार्यांनी अतिस्थूलतेचा विचार चिकित्सेचा विषय म्हणूनच केला आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. एकादशीस तक्ता पाळल्याने व्रतभंग होत नाही. डॉक्टरांच्या अनुमतीने त्या दिवशी धान्याऐवजी फळ व दूध मापात घ्यावे. साखरेच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने निराहार राहू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतते. बाल, वृद्ध व रुग्ण यांस शास्त्राने आधीच सवलत दिली आहे.

कोणी म्हणेल, वजनासाठी धरलेला नेम हा नेम कसला? त्यास उत्तर असे की काम्य व्रतेही व्रतेच आहेत. संततीसाठी, आरोग्यासाठी व्रते करीत आलेल्या समाजाने निरोगी देहाची कामना हीन लेखू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, या दोघांसही योगाचे अनधिकारी ठरविले आहे. तक्ता पाळणाराने एवढे मात्र करावे की तो संकल्पपूर्वक पाळावा. सोमवारी धरला आणि बुधवारी सोडला, असे शिवाच्या सोमवाराचे आपण करीत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ असे सांगून वाटीभर शिरा पुढे करू नका. प्रसाद कणभर घेतला तरी तो पूर्ण असतो. आग्रह हे आपल्या पंगतीचे भूषण खरे, परंतु पथ्यावर असलेल्या माणसाच्या पानात तो वाढू नये. या चातुर्मासात नेम धरावयाचाच असेल, तर हाच धरावा.

इत्यलम्.