आकडा म्हणजे निदान नव्हे

रक्तदाबमापकावरील एका आकड्यावरून आपण कोणाला आजन्म गोळ्या सुरू करीत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपल्यातील पुष्कळजण हा विवेक गॅरेजच्या दाराशीच ठेवून आत जातात, असे मला वाटते. इंजिनाची शक्ती वाढवून घेण्याची हौस आपल्या तरुण डॉक्टरांतही आहे. इंधनदाबाचा काटा जरा हलला, की नवा पंप, नवा रेग्युलेटर अशी खरेदी सुरू होते.

परतीची नळी असलेल्या टर्बो गाडीचे उदाहरण घेऊ. मूळ दाब ३ बार ठेवलेला असेल, तर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी जोडल्यावर आयडलिंगला तो साधारण २.५ बारपर्यंत उतरतो आणि टर्बोने १ बार दाब दिला की ४ बारवर चढतो. ही विकृती नव्हे, प्रकृतीच होय. इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक कायम राखण्यासाठीच ही योजना असते.

मोठा पंप बसविल्यावर आयडलिंगला दाब चढाच राहिला, तर जादा इंधन परत नेण्यास जुना रेग्युलेटर वा परतीची नळी अपुरी पडत असण्याचा संभव असतो. पूर्ण भारावर दाब कोसळत असेल, तर तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा पंपाला अपुरे मिळणारे व्होल्टेज यांचा शोध घ्यावा.

परंतु त्याही आधी मापक तपासावा. द्रव भरलेला बंद मापक इंजिनाजवळ तापला, की त्याच्या आतील दाब वाढून तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवितो. रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणलेला रक्तदाबाचा पट्टा अरुंद असल्याने आकडा चढा येतो, हे फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. दोष रुग्णात नव्हता, पट्ट्यात होता.

आकड्याकडे दुर्लक्ष करावे, असे मी म्हणत नाही. टर्बोच्या भाराखाली इंधन कमी पडले, तर पिस्टनही वितळू शकतो. म्हणूनच सुटे भाग बदलण्यापूर्वी मिस्त्रीला विचारावे, "हा आकडा कोणत्या अवस्थेत, कोणत्या मापकावर घेतला? दुसऱ्या मापकाने पडताळला का?"

आणि उद्या एखाद्या रुग्णाने हेच प्रश्न आपल्याला विचारले, तर आपणही रागावू नये.