सोशीक ग्राहक, निर्ढावलेला व्यापार

सणासुदीला घरबसल्या मागविलेला मिक्सर सदोष निघतो. विक्रेता उत्पादकाकडे बोट दाखवितो, संकेतस्थळ विक्रेत्याकडे. दोन हजारांसाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून मध्यमवर्गीय कुटुंब गप्प बसते. अप्रामाणिक व्यापार याच सोशिकपणावर पोसला जातो.

वास्तविक कायदा ग्राहकाच्या पाठीशी आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार सदोष वस्तू परत घेण्यास वा तिचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. त्याही पुढे, २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याचा अधिकार दिला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्कही नाही. पावती, छायाचित्रे व पत्रव्यवहार मात्र जपून ठेवला पाहिजे.

खोट्या मापांना दंड सांगणाऱ्या कौटिल्याच्या देशात ग्राहकहित ही उसनी कल्पना नव्हे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा बारा वर्षे दूर होता. समाज आधी जागा झाला, शासन मागाहून आले. आज कायदा आहे. तो घराघरांत पोहोचविणे हे कार्यकर्त्यांचे काम. वस्तीतील एखाद्या गृहिणीला तक्रार नोंदविण्यास साहाय्य करणे, हेही समाजकार्यच होय. आपले दोन हजार सोडून देणारा पुढच्या ग्राहकाच्या फसवणुकीची वाट मोकळी करीत असतो.