आधी कारण, मग डायपर

स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांचे बरेच काही घर सांभाळून घेते. नावे विसरणे, तोच प्रश्न वीसदा विचारणे, रात्री उठून दाराची कडी काढू पाहणे, या सगळ्याची सवय होते. मग एके सकाळी अंथरूण ओले सापडते. दोन-चार दिवसांत पुन्हा तेच झाले, की ठरलेला निष्कर्ष निघतो, ‘आजार पुढे गेला.’ औषधाच्या दुकानातून मोठ्यांच्या डायपरचे पाकीट येते आणि विषय तिथेच संपतो. ही घाई रुग्णाला महागात पडू शकते.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. आजार वाढला की यांपैकी अनेकांचा लघवी-शौचावरचा ताबा जातो, हे खरेच. मूत्राशय भरल्यावर ‘जरा थांब’ असे सांगणारे नियंत्रण मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते. तो झिजू लागला की ताबा सैल होतो. पण ही झीज महिन्या-महिन्यांनी होते. परवापर्यंत कोरडे राहणारे माणूस आठवड्याभरात रोज भिजू लागले, तर शरीरात दुसरे काही बिघडले आहे का, हे आधी पाहायला हवे. अशा रुग्णाला ‘दुखतंय’, ‘जळजळतंय’ हे सांगता येत नाही. ओले अंथरूण हीच त्याची तक्रार असू शकते.

सर्वांत जास्त नजरेआड होणारे कारण म्हणजे बद्धकोष्ठता. गुदाशयात मलाचा घट्ट खडा होतो, तो मूत्राशयावर दाब आणतो आणि लघवी एकतर अडते किंवा थेंबथेंब गळते. याच खड्याच्या बाजूने पातळ शौच झिरपते. घरचे ते जुलाब समजतात आणि जुलाब थांबवण्याची गोळी देतात, म्हणजे नेमके उलटे करतात. इसबगोलही येथे विचारूनच द्यावे, कारण पुरेसे पाणी न पिणाऱ्या वृद्धात त्याने अडथळा वाढू शकतो. शेवटचे नीट शौच कधी झाले, याची भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत गेले तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

पुरुषांमध्ये वाढलेल्या प्रोस्टेटमुळे मूत्राशय रिकामेच होत नाही आणि वरचेवर सांडते. लघवीनंतर आत किती उरली, हे सोनोग्राफीत दिसते. मधुमेह वर गेला असेल तर लघवीचे प्रमाणच वाढते. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर रात्र ओली जाणारच. खुद्द स्मृतिभ्रंशासाठी दिले जाणारे डोनेपेझिल काहींमध्ये लघवीची घाई वाढवते. ते लक्षात आले नाही, तर घाई रोखायला ऑक्सिब्युटिनिनसारखे दुसरे औषध सुरू होते आणि ते डोनेपेझिलच्या विरुद्ध काम करून गोंधळात भर घालते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही बंद करू नये.

संसर्गाबद्दल थोडे सावध बोलायला हवे. ताप, एकाएकी वाढलेली सुस्ती किंवा बडबड, लघवी करताना कण्हणे अशी लक्षणे असतील तर तपासणी तातडीने हवी. पण वृद्धांच्या लघवीत जंतू सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. दुसरे काहीच लक्षण नसताना केवळ अहवालावर बोट ठेवून अँटिबायोटिक मागू नये.

आणि कधी कधी बिघाड मूत्राशयात नसतो, तो पायजम्याच्या नाडीत असतो. जन्मभर भारतीय पद्धतीचे शौचालय आणि मोरी वापरलेल्या आजींना नव्या फ्लॅटमधले पांढऱ्या फरशीवरचे पांढरे कमोड ‘ते’ आहे, हेच उमगत नाही. त्या बादलीपाशी बसतात आणि घर म्हणते, मुद्दाम करतात. मुद्दाम करण्यासाठी जी योजना आखावी लागते, तेवढी शक्ती या आजाराने शिल्लक ठेवलेली नसते. कमोडवर गडद रंगाची बैठक, रात्रभर जळणारा लहान दिवा, उघडे दार, नाडीऐवजी इलॅस्टिक, पलंगाशेजारी कमोड खुर्ची, यांनी पुष्कळ फरक पडतो. उठल्यावर, जेवणानंतर, झोपण्यापूर्वी आणि एरवी साधारण दर दोन तासांनी न विचारता घेऊन जावे. ‘शू आली का?’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘चला, जरा तिकडे जाऊन येऊ’ म्हटले की पाय आपोआप वळतात. चुळबुळ, कपडे ओढणे, उगाच येरझाऱ्या घालणे या खुणा आठवड्याभरात ओळखीच्या होतात.

पाणी तोडणे हा घरोघरी होणारा उपाय तर सपशेल चुकीचा. लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुरते, मळ घट्ट होतो, संसर्ग बळावतो. पाणी दिवसा भरपूर द्यावे, झोपण्याआधीचा चहा तेवढा टाळावा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी घातलेली मर्यादा वेगळी. सोयीसाठी कॅथेटर घालून घेण्याचा आग्रहही धरू नये. त्याने संसर्ग वाढतो आणि गोंधळलेला रुग्ण नळी ओढून स्वतःला जखम करून घेतो.

एवढे करूनही डायपर लागेलच, अशी वेळ अनेकांवर येते. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पाकीट पुरवून वापरण्यासाठी एकच डायपर बारा तास ठेवू नये. कोमट पाण्याने धुवावे, घासण्याऐवजी टिपून कोरडे करावे, झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. पावडर घामात गोळा होऊन काचते. माकडहाडाशी लाल डाग दिसला, तर ती दाबजखमेची सुरुवात असू शकते.

‘त्यांनी लहानपणी आपलं केलं, आता आपण त्यांचं करायचं’ हे वाक्य गोड आहे, पण अपुरे. मूल मोठे होते आणि लाज नंतर शिकते. आईची लाज मात्र अजून शाबूत असते. मुलाने कपडे सोडताच ती हात झटकते, मारतेही, ते त्याचमुळे. टॉवेल अंगावर राहू द्यावा, जमल्यास स्त्रीचे काम स्त्रीने करावे, पाहुण्यांसमोर विषय काढू नये.

अर्थात ‘जमल्यास स्त्रीने’ याचा अर्थ घरोघरी सुनेने असाच होतो आणि तिची रात्रीची झोप कोणाच्या हिशेबात नसते. सरकारी योजनांतही हा खर्च बसत नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळालेले आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. घरच्या पलंगाशी लागणारे डायपर, कमोड खुर्ची, मदतनीस यांना त्यात जागा नाही. सॅनिटरी नॅपकिन २०१८ मध्ये जीएसटीतून मुक्त झाले. डायपरवरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो शून्यावर आणायला हरकत कसली? तोवर घरातल्या पुरुषांनी आठवड्यातल्या निम्म्या रात्री आपल्याकडे घ्याव्यात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे आणि काळजी घेणाऱ्यांनाही तिथे विचारता येते.