कापलेल्या स्ट्रिपवर अंध ग्राहकाने काय वाचायचं?

ग्राहकाच्या माहितीच्या हक्काबद्दल या सदरात आपण वारंवार बोलतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो हक्क स्पष्ट शब्दांत आहे: वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत ग्राहकाला कळली पाहिजे. २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम तर छापील अक्षराची उंचीसुद्धा मिलिमीटरमध्ये ठरवून देतात. मात्र हे सगळं कळायचं ते फक्त डोळ्यांनी, असं या साऱ्या व्यवस्थेने गृहीत धरलेलं आहे. शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका, अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर लाल रेघ, कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणानुसार बदलणारा रंग. जिथे चूक जिवावर बेतू शकते, तिथेही इशारा रंगातच दिलेला. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर होती. त्यांच्यासाठी नोटा ओळखता याव्यात म्हणून निदान काही हालचाल तरी झाली. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आहे, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आहे. मूल्य वाढतं तशी नोटेची लांबीही थोडी वाढते. शंभराची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. तेवढ्या फरकावर भागत नाही म्हणून अंधांच्या संघटनेला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखणारं ‘मनी’ हे अ‍ॅप आणलं. म्हणजे खिशातला पैसा ओळखण्याची सोय अपुरी का होईना, सरकारने आपली जबाबदारी मानली. त्या पैशातून घेतलेली वस्तू ओळखण्याची जबाबदारी अजून कोणाचीच नाही.

हा विषय निघाला की युरोपचं उदाहरण पहिल्यांदा पुढे येतं. युरोपीय संघाने २००४ मध्ये औषधांविषयीच्या निर्देशात दुरुस्ती केली आणि औषधाचं नाव खोक्यावर ब्रेलमध्ये उमटवणं बंधनकारक केलं. सोबतचं माहितीपत्रकही अंध रुग्णांना वाचता येईल अशा स्वरूपात, मागणी झाल्यास, द्यावं लागतं. ही तरतूद चांगलीच आहे आणि तिथे ती आता अंगवळणीही पडली आहे. पण ती जशीच्या तशी इथे आणा, ही मागणी मला अर्धवट वाटते. ब्रेलचं एक अक्षर साधारण सहा मिलिमीटर जागा घेतं. दहा सेंटिमीटरच्या खोक्यावर एका ओळीत सोळा अक्षरं बसली तरी पुष्कळ. त्यामुळे तिथेही सक्ती आहे ती नावाची. मुदत संपण्याची तारीख बोटांना कळत नाहीच. आणि मुख्य अडचण आपल्या खरेदीच्या रीतीत आहे. आपल्याकडे गोळ्या खोक्याने कमी आणि स्ट्रिपने जास्त विकल्या जातात, त्याही अनेकदा अख्ख्या नाहीत. डॉक्टरने दोन दिवसांचं औषध लिहिलं की केमिस्ट कात्री घेतो, दहातल्या चार गोळ्या कापून देतो आणि खोकं फळीवर ठेवून देतो. ब्रेल खोक्यावर असेल, तर ते दुकानातच राहिलं. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धं आणि तारीख बहुधा दुसऱ्या टोकाला. अशा तुकड्यावर डोळस माणसालाही काही सापडत नाही.

आपल्या सरकारने शोधलेला उपाय क्यूआर कोडचा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या तीनशे औषधी ब्रँडवर कोड सक्तीचा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपदार्थांच्या उत्पादकांना, दृष्टिहीनांच्या सोयीसाठी वेष्टनावर क्यूआर कोड द्यावा, असं सुचवलं. यातली पहिली तरतूद सक्तीची आहे, पण ती अंधांसाठी नाही, औषधाचा खरेपणा तपासण्यासाठी आहे. दुसरी अंधांसाठी आहे, पण ती नुसती सूचना आहे. शिवाय औषधाच्या नियमात एक पळवाट आहे: आतल्या वेष्टनावर जागा पुरत नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर चालेल. म्हणजे पुन्हा केमिस्टच्या फळीवरचं खोकं! कोड हाताशी आला तरी तो नेमका कुठे छापला आहे, हे बोटांना सांगणारी एकही खूण नसते. गुळगुळीत पिशवी सर्व बाजूंनी फिरवत कॅमेरा धरून बसायचं. शेवटी कोड सापडला आणि कंपनीने माहिती चित्राच्या रूपात चढवलेली निघाली, की फोनमधला स्क्रीन रीडर गप्प.

मग करायचं काय? मला वाटतं, बोटं आणि फोन यांच्यात काम वाटून दिलं पाहिजे. वस्तू कोणती, धोक्याची आहे का आणि कोड कुठे आहे, एवढं बोटांना कळावं. उरलेला सगळा तपशील फोनने वाचून दाखवावा. जपानने यातला पहिला अर्धा भाग फार पूर्वी सोडवला. काओ या कंपनीने १९९१ मध्ये शांपूच्या बाटलीच्या कडेला खाचा दिल्या आणि कंडिशनरची बाटली गुळगुळीत ठेवली. डोळे मिटून केस धुणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा उपयोग झाला, हे ओघानेच आलं. या कल्पनेवरचा हक्क कंपनीने स्वतःपाशी ठेवला नाही, म्हणून बाकीच्या कंपन्यांनीही तीच खूण उचलली, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सर्वात शिकण्यासारखं हेच आहे. कारण प्रत्येक कंपनीने आपापली खूण काढली तर अंध ग्राहकाला वीस खुणा पाठ कराव्या लागतील. जपानमध्ये दुधाच्या खोक्यावरही अर्धवर्तुळाची खाच असते आणि बिअरच्या डब्यावर ते मद्य आहे असं ब्रेलमध्ये असतं. धोकादायक रसायनांसाठी तर उठावाच्या त्रिकोणाचं आंतरराष्ट्रीय मानक १९९७ पासून उपलब्ध आहे आणि युरोपात घरगुती वापराच्या अनेक घातक रसायनांवर तो सक्तीचा आहे. आपल्या संडास साफ करायच्या अ‍ॅसिडच्या बाटलीवर तो आणायला नव्या संशोधनाची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो ब्रेल किती जणांना येतं, हा. आक्षेप रास्त आहे. मधुमेहाने किंवा काचबिंदूने उतारवयात दृष्टी गेलेला माणूस सहसा ब्रेल शिकत नाही. पण त्रिकोण किंवा खाच ओळखायला ब्रेल लागत नाही, म्हणून तर त्या खुणा आधी हव्यात. दुसरा आक्षेप खर्चाचा. बाटलीच्या साच्यात खाच एकदाच करायची असते. साचा बदलायची वेळ आली की ती करून घेतली तर बोजा फारसा पडत नाही, आणि कायद्याने तेवढी मुदत जरूर द्यावी. एक रुपयाच्या सॅशेवर मात्र उठाव टिकणार नाही, हे मान्य करायला हवं. तिसरा आक्षेप आजकाल मोठ्या तोऱ्यात मांडला जातो: फोनमधली कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं वाचून दाखवते, मग वेष्टन बदलायचंच कशाला? अशी अ‍ॅप उपयोगी आहेत, लाखो लोक ती वापरतात. पण चुरगळलेल्या चंदेरी फॉइलवरची ठिपक्याठिपक्यांची तारीख वाचताना ती चुकू शकतात. बिस्किटाच्या बाबतीत चूक चालेल. पाच मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅम यांत ती चालणार नाही. आणि महागडा फोन, चार्जिंग, नेटवर्क यांचा भार ग्राहकावर टाकून उत्पादकाने मोकळं व्हायचं, हे कोणत्या न्यायाने?

अंशतः दिसणाऱ्यांचा प्रश्न तर याहून सोपा आहे आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणा. आपल्या वेष्टित वस्तूंच्या नियमांना एक मिलिमीटर उंचीचं अक्षरही चालतं. चकचकीत सोनेरी कागदावर पांढरी अक्षरं छापली तरी कोणी हटकत नाही. तारीख ठळक, काळ्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर काळी आणि प्रत्येक वेष्टनावर ठरलेल्या जागी असावी, यात अवघड काहीच नाही.

कायद्याचा आधार नाही, अशी सबब नको. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४३ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंना चालना देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण ‘चालना’ या शब्दाखाली काहीही न करता बसता येतं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालचा सुगम्यतेचा नियम १५(१) रद्द केला, तो याच मुद्द्यावर: कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसती शिफारस करतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची क्यूआर सूचना त्याच जातीची आहे. मनात आणलं तर नियम बदलतात, हेही आपण पाहिलं आहे. रंगांध ग्राहकांना हिरवा आणि तपकिरी ठिपका वेगळा ओळखता येईना, म्हणून याच प्राधिकरणाने मांसाहारी पदार्थांसाठी गोलाऐवजी त्रिकोण आणला.

सुरुवात औषधांपासून करावी. स्ट्रिप कशीही कापली तरी प्रत्येक गोळीच्या घरामागे नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख राहिली पाहिजे, कोड स्ट्रिपवरच हवा आणि त्याची कड बोटाला लागली पाहिजे. महाराष्ट्रातल्या ग्राहक पंचायतींनी छापील किमतीसाठी जेवढा आवाज उठवला, तेवढा या एका मागणीसाठी उठवावा आणि अंधांच्या संघटनांना सोबत घेऊन केंद्राच्या औषध नियंत्रकांकडे ती लेखी मांडावी.