बाराव्या अंकांतील पळवाट

ग्रंथाचा शेवट वाईट असणें आणि ग्रंथाला शेवटच नसणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पहिलींत लेखकाची शक्ति कमी पडलेली असते. तिच्याबद्दल हळहळावें, फार तर दोन शब्द बोलावे आणि पुढें जावें. दुसरींत मात्र लेखकाच्या हेतूविषयींच शंका उत्पन्न होते. टॉम किंग हा लेखक व मिच जेरड्स हा चित्रकार ह्या दोघांनीं ‘मिस्टर मिरॅकल’ ह्या नांवाची बारा अंकांची जी चित्रकथा ऑगस्ट २०१७ पासून नोव्हेंबर २०१८ पर्यंत अमेरिकेंत डीसी कॉमिक्सतर्फे प्रसिद्ध केली, तिचा बारावा अंक ह्या दुसऱ्या जातीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. ह्या मालिकेस २०१९ सालीं आयस्नर पारितोषिक मिळालें आणि तिच्या शेवटाचें गूढ उकलण्यांत कित्येक बुद्धिमान् माणसांनीं आपलीं रात्रींचीं जागरणें खर्चीं घातलीं. असल्या कृतीविरुद्ध लिहिणें हें पाखंड ठरेल. ठरो.

चित्रकथेच्या गुणदोषांची चर्चा ह्या पानांत कशाला, असें विचारणारे सद्गृहस्थ आमच्या वाचकांत असतीलच. त्यांतील पन्नाशी उलटलेल्यांनीं जरा आपल्या बालपणाकडे वळून पाहावें. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें १९६४ सालीं सुरू केलेलें व १९९० सालीं बंद पडलेलें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठींतहि निघत असे, आणि आमच्या दहिसरास शाळकरी मुलें त्यांतला वेताळ आळीपाळीनें, पानें सुटेपर्यंत वाचीत. ली फॉकनें १९३६ सालीं निर्माण केलेल्या ह्या बुरखेधारी वीराचें डायनावर प्रेम होतें आणि तें लग्नापर्यंत पोंचावयास १९७७ साल उजाडावें लागलें. एकेचाळीस वर्षें! इतका लांबलेला वाङ्‌निश्चय आमच्याकडील एखाद्या वधूपित्यानें सहन केला नसता. फॉकची कथा बाळबोध खरी. पण वेताळ डायनेशीं लग्न करणार कीं नाहीं, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यानें अखेरीस दिलें, आणि तें सर्वांस समजेल असें दिलें. मुलांच्या करमणुकीसाठीं लिहिणाऱ्या माणसानें जें कर्तव्य ओळखलें, तें प्रौढांसाठीं लिहिणाऱ्या पंडितानें टाळावें, ह्याचेंच आम्हांस नवल वाटतें.

मिस्टर मिरॅकल हा मूळचा किंगचा नव्हे. जॅक कर्बी ह्या थोर चित्रकारानें १९७१ सालीं तो निर्माण केला. त्याचें खरें नांव स्कॉट फ्री, आणि त्याचा धंदा निसटण्याचा: बेड्या, पेट्या, साखळदंड, कशांतूनहि तो निसटतो. दोन देवकुळांच्या युद्धांत तह करण्यासाठीं दोन्हीं पक्षांच्या नायकांनीं आपापले पुत्र एकमेकांस दिले, त्यांतला तो एक. क्रूर डार्कसाईडच्या राज्यांत, ग्रॅनी गुडनेस नांवाच्या राक्षसी दाईच्या अनाथाश्रमांत तो वाढला. तेथेंच वाढलेली बार्डा ही त्याची पत्नी. ती त्याच्याहून उंच, त्याच्याहून बळकट, आणि एके काळीं डार्कसाईडच्या स्त्री-सेनेची नायिका होती. नियतकालिक बंद पडण्याची वेळ आली तेव्हां कर्बीनें १९७४ च्या अठराव्या अंकांत ह्या दोघांचें लग्न घाईघाईनें उरकून टाकलें. तो शेवट ओबडधोबड आहे. परंतु लग्न झालें, हें निःसंशय.

किंगनें ह्या जोडप्याचा संसार हातीं घेतला आणि, आम्ही मोकळेपणानें सांगतों, अकरा अंकांपैकीं निदान दहा अंक असे लिहिले कीं त्यांस तोड नाहीं. आरंभींच निसटणारा स्कॉट आपल्या घराच्या स्नानगृहांत रक्तांत पडलेला दिसतो. ह्या वेळीं त्यानें जगण्यांतूनच निसटण्याचा प्रयत्न केलेला आहे. तो वांचतो, किंवा वांचला असें आपणांस सांगितलें जातें. पुढें पानापानावर नऊ चौकटींचें जाळें, जणूं खिडकीचे गज. आणि मधूनच एखादी संपूर्ण काळी चौकट, जींत एवढेंच लिहिलेलें: डार्कसाईड आहे. निराशेचें इतकें नेमकें चित्र आम्ही फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिलें आहे. आणि तिच्या शेजारीं संसार! स्कॉटवर देहान्त शिक्षेचा खटला चालतो तो त्याच्याच बैठकीच्या खोलींत, समोर भाज्यांच्या फोडींचें तबक ठेवून. पुढें पतिपत्नी शत्रूच्या पहारेकऱ्यांस लोळवीत आंत शिरतात, आणि त्याच वेळीं घराची फेररचना कशी करावी ह्यावर त्यांचा वाद चालू असतो. सातव्या अंकांत त्यांस मुलगा होतो, आणि आठव्यांत बाप एका पाळीला रणांगणावर तर दुसऱ्या पाळीला पाळण्यापाशीं उभा असतो. ज्यांनीं नोकरी सांभाळून मूल वाढविलें आहे त्यांस हा अंक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मग पेंच येतो. डार्कसाईड तहाची अट घालतो: युद्ध थांबवितों, तुमचा मुलगा मला द्या. जो स्वतः अशाच तहांत दिला गेला, त्याच्यापुढें आतां तोच तह येऊन उभा राहतो. कर्बीच्या मूळ कथेंतला कांटा किंगनें इतक्या वर्षांनंतर नेमका बापाच्या काळजांत रोंवला आहे. असंख्य लोकांच्या प्राणांच्या बदल्यांत आपलें मूल द्यावें काय? ह्या प्रश्नापाशीं कथा आणून सोडणें हें मोठ्या लेखकाचें लक्षण होय. आमच्या जुन्या नाट्यशास्त्रानें मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण अशा पांच संधि सांगितल्या आहेत. त्यांतल्या चार किंगला उत्तम साधल्या.

पांचव्या संधींत काय होतें? अकराव्या अंकांत, मूल सोंपविण्यासाठीं ठरलेल्या भेटींतच, डार्कसाईडचा वध होतो. म्हणजे प्रश्नाचें उत्तर न देतां प्रश्न विचारणाराच मारून टाकला. हेंहि आम्ही सोसलें असतें. परंतु लगेच मेट्रॉन नांवाचा सर्वज्ञ उपस्थित होतो आणि स्कॉटला सुचवितो कीं, ही सृष्टि खरी नव्हे, खरी दुसरीच आहे. बाराव्या अंकांत युद्धांत मेलेलीं माणसें एकेक करून स्कॉटच्या भेटीस येतात, बोलतात, जातात. तो वांचला आहे, कीं स्नानगृहांतच मेला व हा स्वर्ग आहे, कीं हा नरक आहे, कीं डार्कसाईडनें घातलेली ही भूल आहे? लेखक सर्व तर्कांस सारखेंच आमंत्रण देतो आणि एकासहि पाट मांडीत नाहीं. निसटण्यांत पटाईत अशा नायकाची कथा लिहितां लिहितां लेखकच निसटला.

ह्या मालिकेचे कैवारी म्हणतात कीं, खिन्नतेनें ग्रासलेल्या मनुष्यास जग असेंच संशयास्पद वाटतें. म्हणून वाचकासहि तें तसेंच वाटलें पाहिजे. ह्या युक्तिवादांत एक मूलभूत घोटाळा आहे. पात्राचा संशय आणि कर्त्याचा संशय ह्या एक गोष्टी नव्हेत. चर्चगेटहून रात्रीं दहिसरास निघालेला मनुष्य डब्यांत पेंगला आणि बाहेर कोणतें स्टेशन आहे तें त्यास कळेना, तर त्यांत गैर कांहीं नाहीं. पण मोटरमनलाहि तें कळेनासें झालें, आणि त्यानें गाडी मध्येंच उभी करून उतारूंस विचारलें कीं हें दहिसर आहे कीं नाहीं तें तुम्हीच ठरवा, तर त्यास गूढवादी म्हणून कोणी गौरविणार नाहीं.

हा भेद आमच्याकडे तेराशें वर्षांपूर्वीं पूर्णपणें ओळखलेला होता. विदर्भांतील पद्मपूर हें आपल्या घराण्याचें स्थान म्हणून सांगणाऱ्या भवभूतीनें ‘उत्तररामचरित’ लिहिलें, तेव्हां त्याच्यापुढेंहि एका अलौकिक जोडप्याची कथा होती आणि तिचा परंपरेनें आलेला शेवट होता: सीता पृथ्वीच्या पोटांत जाते. गंमत अशी कीं, ह्या नाटकाच्या पहिल्या अंकांत रामसीता भिंतीवर रेखाटलेलीं आपल्याच आयुष्याचीं चित्रें पाहतात. चित्रकथेंतल्या नायकनायिकांनीं आपलीच चित्रकथा वाचावी तसें. पण आमचा मुद्दा तिसऱ्या अंकाचा आहे. पंचवटींत राम मूर्च्छित पडतो. भागीरथीच्या वरानें अदृश्य झालेली सीता त्यास स्पर्श करते. तो शुद्धीवर येतो. स्पर्श ओळखीचा वाटतो. समोर कोणी नाहीं. हा भ्रम कीं सत्य? रामास कळत नाहीं. वासंतीस तर कांहींच दिसत नाहीं. आपणांस मात्र सर्व दिसतें, कारण कवीनें सीतेला तमसेबरोबर रंगभूमीवर उभी केली आहे. ती बोलते, रडते, रागावते, विरघळते. रामाच्या संशयानें आपलें हृदय फाटतें तें आपण स्वतः निःसंशय आहों म्हणूनच.

आणि सातव्या अंकांत तर भवभूति आगीशींच खेळतो. वाल्मीकीनें रचलेलें नाटक अप्सरा करून दाखवितात, आणि राम तें पाहतां पाहतां, हें नाटक आहे हें विसरून, मूर्च्छा पावतो. इतकें मायाजाल पसरून झाल्यावर कवि काय करतो? अरुंधती खरोखरीच्या सीतेला घेऊन येते, सीतेच्या हातानें राम शुद्धीवर येतो, आणि जमलेल्या प्रजाजनांसमक्ष तिचा स्वीकार होतो. भवभूतीनें परंपरेचा शेवट बदलला, हें त्याचें साहस. पण बदलून काय केलें तें त्यानें चारचौघांत सांगितलें. शेक्सपिअरच्या ‘विंटर्स टेल’मधील हर्मायोनीचा पुतळाहि शेवटीं जिवंत स्त्री ठरतोच, तो पुतळा होता कीं बाई, असें विचारीत प्रेक्षक घरीं जात नाहीं.

आतां बार्डाकडे पाहा, म्हणजे आमचा राग कशाबद्दल आहे तें कळेल. सबंध मालिका जवळजवळ चौकटीगणिक स्कॉटच्या बाजूनें पाहिलेली आहे. तिच्यांत बार्डा आहे ती अशी: रुग्णालयांतून नवऱ्याला घरीं आणणारी, त्याच्यासाठीं ग्रॅनीला ठार करणारी, प्रसूतीच्या कळा सोसणारी, मुलगा देण्याच्या प्रश्नावर आई म्हणून उभी राहणारी. ज्याच्या घरीं असा आजारी मनुष्य आहे त्यास हें पात्र एकदम ओळखतां येतें. आणि बाराव्या अंकांत, जेव्हां तिच्या पोटीं दुसरें मूल आहे, तेव्हां लेखक खुशाल सुचवितो कीं, ही बाई कदाचित् नसेलच. मरतांना नवऱ्याच्या डोळ्यांपुढें तरळलेलें एक चित्र असेल. स्कॉट मेला असो वा जिवंत, कथा त्याचीच राहते. पण तो मेला असेल तर बार्डानें केलेलें सारें, तिचें बाळंतपणसुद्धां, त्याच्या स्वप्नांतली सजावट ठरते. ही खरी बार्डा मग कोठें आहे? स्नानगृहाच्या दाराबाहेर, विधवा होऊन? तिच्याविषयीं बारा अंकांत चौकशी करण्याची कोणास गरज भासलेली नाहीं. जोडप्याची म्हणून जी कथा वाचावयास दिली, ती एकट्याची निघाली. आणि हें आपणांस सांगण्याचें धैर्यहि दाखविलें गेलें नाहीं.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें हें पुस्तक आम्हांस आणून दिलें होतें. तो स्वतः दोन वर्षें अशा काळोखांतून गेलेला, आणि आईच्या खटपटीनें बाहेर आलेला. अकरा अंक त्यास सोबत्यासारखे वाटले. बारावा वाचून तो म्हणाला, “सर, मी वांचलों तें खरें धरावें कीं नाहीं हें वाचकांनीं ठरवावयाचें, असें कोणी माझ्या आईला सांगितलें तर?” कैवारी मंडळींनीं ह्या प्रश्नास उत्तर द्यावें. ‘संदिग्धता’ हा शब्द उच्चारून तें देतां येणार नाहीं.

मराठींतहि अलीकडे वाचकावर शेवट सोंपविण्याची टूम फैलावली आहे. ती येथें लांबवीत नाहीं. संदिग्ध शेवट असूंच नये, असा आमचा दंडक नाहीं. सुंदरी मिळेल कीं वाघ, हें न सांगण्यांत गंमत असूं शकते, कारण तेथें आरंभापासून कोडेंच घातलेलें असतें. परंतु ज्यानें पहिल्याच पानावर एक मनुष्य मरणाच्या दारांत ठेवला, त्याची बायको, त्याचें मूल आम्हांस प्रिय करून दिलें, त्यानें शेवटीं कोडें घालून निघून जावें, ही वाचकाच्या ममतेची फसवणूक आहे. आणि ज्या शेवटास सर्व अर्थ सारखेच लागूं पडतात, त्यास खोल म्हणण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

जून २०२५ मध्यें ह्याच कथेवरून चलच्चित्रांची मालिका करण्याचें जाहीर झालें आहे. तेव्हां तिच्या कर्त्यांपाशीं आमची एकच मागणी आहे. शेवट सुखाचा करा किंवा दुःखाचा करा. स्कॉटला खुशाल संशयांत राहूं द्या. पण बार्डाला एक तरी प्रवेश असा द्या कीं ज्यांत स्कॉट नाहीं. ती स्वयंपाकघरांत एकटी बसलेली असूं दे, पोर शेजारीं झोपलेलें असूं दे, आणि तिच्या मनांत काय आहे तें तिला स्वतःच्या तोंडानें बोलूं दे.