घर पक्के, पण कागद कच्चा!

शेतकरी बंधूंनो, पिकाचे चार पैसे गाठीशी बांधून तुम्ही गावातल्या गवंड्याकडून चार खोल्या बांधल्या. स्लॅबही पडला. आता घर तारण ठेवून कर्ज काढावे म्हणून बँकेत गेलात, ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे केलात, आणि साहेबांनी मान हलवली. राग येणारच. पण बँकेचे म्हणणे काय, तेही नीट समजून घ्या.

बँकेचे प्रश्न दोनच. जागा कुणाची? आणि कर्ज फिटेपर्यंत घर टिकेल का?

आधी जागेचे पाहू. नमुना 8 म्हणजे घरपट्टीची आकारणी. तो मालकीचा पुरावा नव्हे. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला तो नसतो. ही अडचण दूर करण्यासाठी 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायची, अशी ही योजना. 18 जानेवारी 2025 रोजी एकाच दिवशी देशभरात 65 लाखांवर पत्रिका वाटल्या गेल्या. तुमच्या पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असेल, तर आधी वारसनोंद करून घ्या. भावाभावांत वाद असेल, तर तो मिटवूनच बँकेची पायरी चढा.

घर शेतात असेल तर गोष्ट आणखी अवघड. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येते; पण कलम 31 नुसार शेतजमिनीच्या तारणाला तो लागू नाही. म्हणून बँक बिगरशेती आदेश मागते.

आता मजबुतीचे. शहरात फ्लॅट घेतला, तर 2016 च्या रेरा कायद्याने बांधकामातील दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डरवर राहते. आपण स्वतः बांधलेल्या घराची हमी कोण घेणार? गवंडी तर पुढच्या गावाला गेलेला! कच्च्या बांधकामाने काय होते, ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीने दाखवले आहे. बँकेचा मूल्यांकनकार आला, तरी गिलाव्याआड कॉलममध्ये किती सळई आहे, ते त्याला दिसत नाही.

म्हणून हमीपत्र नसले, तरी पुरावा आपणच जमवायचा, आणि तोही बांधतानाच. पाया, प्लिंथ, स्लॅबची सळई यांचे काँक्रीट टाकण्यापूर्वी फोटो काढा. सिमेंट-सळईची बिले जपा. पदवी किंवा पदविकाधारक इंजिनिअरला टप्प्याटप्प्याने दाखवून त्याचा सही-शिक्क्याचा दाखला घ्या. घर आधीच झाले असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. त्याची फी जड वाटेल. पण तो दाखला नसेल, तर घराची किंमत कमी धरली जाते किंवा अर्जच परत येतो.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी कर्ज मागणाऱ्याकडून मंजूर नकाशा घ्यावा. तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 ची परवानगी तोंडी देऊ नका. नकाशासह लेखी द्या, आणि एक प्रत दप्तरी ठेवा. तुमचा एक कागद गावकऱ्याला सावकाराच्या दारातून माघारी आणू शकतो.

आणि बंधूंनो, पायाची कुदळ मारण्याआधी फाईल उघडा. स्लॅब पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही.