शाल-श्रीफळ पुरे, मुलांना बोलू द्या

गुणवंत मुलाला शाल-श्रीफळ द्यावयाचे, अध्यक्षांनी अर्धा तास उपदेश करावयाचा, आणि सत्कारमूर्तीने हात जोडून खाली बसावयाचे, ही आमच्या देवस्थानांतील गुणगौरवाची रीत होऊन बसली आहे. ज्याचा सत्कार, त्यालाच बोलावयास वेळ नाही! हाच मुलगा उद्या महाविद्यालयात भरतीसाठी आलेल्या कंपनीपुढे मुका राहिला, तर दोष कोणाचा?

‘इंग्रजी कच्चे, म्हणून मागे पडला,’ हे उत्तर वडीलधाऱ्यांच्या ओठांवर तयार असते. ते आम्हांस पुरेसे वाटत नाही. इंग्रजी कसून शिकले पाहिजे, यात संदेह नाही. लेखी चाचणीतील शेकडेवारीची, काळ-काम-वेगाची व तर्काची उदाहरणेही घड्याळ समोर ठेवून सोडवल्यावाचून हाती लागत नाहीत. परंतु हा अभ्यास एकट्याने होतो, आणि पुष्कळ मुले तो करतात. अडते ते पुढे, गटचर्चेत. आठ-दहा उमेदवार, पंधरा-वीस मिनिटे, विषय एक. तेथे दुसऱ्याचे ऐकून घ्यावयाचे, त्याचा मुद्दा सौम्यपणे खोडावयाचा व आपला थोडक्यात मांडावयाचा असतो. हे एकट्याने खोलीत बसून कसे साधावे? घरी तर ‘मोठ्यांपुढे तोंड उघडू नये’ हाच पाठ!

ही विद्या परकी मुळीच नाही. गौतमांच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प व वितंडा असा भेद केलेला आहे. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाणांनी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा मोडणे ती वितंडा. गटचर्चेत आरडाओरडा करून गुण गमावणारा उमेदवार जल्पच करीत असतो. आमचे कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत मांडतात आणि उत्तररंगात आख्यानाने तो पटवून देतात. मुलाखतीतही तेच हवे असते: ‘मी जबाबदारी घेतो’ एवढे म्हणून भागत नाही, घेतल्याचा प्रसंग सांगावा लागतो. जत्रेच्या नाटकात गावापुढे न अडखळणारा मुलगा तीन परीक्षकांपुढे गडबडतो, कारण तेथे पाठ केलेले संवाद चालत नाहीत. क्लासवाले मात्र पैसे घेऊन पुन्हा पाठ केलेली उत्तरेच विकतात!

फर्मागुडीस गोपाळ गणपतीचे देऊळ आहे आणि गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे त्याच फोंडा तालुक्यात. उत्सवाचे दिवस सोडल्यास किती सभामंडप सायंकाळी भरलेले असतात? प्रत्येक समितीने शनिवारचा एक तास मुलामुलींना द्यावा. समाजातील निवृत्त अभियंते, बँक अधिकारी व शिक्षक यांनी परीक्षक म्हणून बसावे. विषय आधी मराठीत वा कोंकणीत मांडून घ्यावा, म्हणजे विचार जागेवर येतो. मग तोच इंग्रजीत. चुका तोंडावर, पण मायेने सांगाव्यात. यास खर्च कसला?

‘देवालय उपासनेसाठी आहे, नोकरीच्या तयारीसाठी नव्हे,’ असे कोणी म्हणतील. त्यांना आम्ही विचारतो: जेथे समितीच्या निवडणुकीची भांडणे खपतात, तेथे मुलांचा सभ्य वाद देवाला खपणार नाही काय?

आरंभ पुढील गुणगौरवापासूनच करावा. त्या दिवशी भाषण अध्यक्षांनी करू नये. सत्कारमूर्तींनी करावे, आणि अध्यक्षांनी ऐकावे.